पासपोर्ट फोटोवरून तैलचित्र: साम्य कुठे हुकतं

आपल्याकडे व्यक्तिचित्राचं काम बहुतेक वेळा वर्षश्राद्धाच्या तोंडावर येतं. माणूस गेलेला, घरात फोटो एकच, तोही पासबुकावरचा किंवा लग्नाच्या अल्बममधल्या गर्दीतला. घरच्यांना चित्र महिन्यात हवं असतं आणि तैलरंगाला महिना पुरत नाही. दोन महिने आधीच मागून घ्यावेत.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की बारकावे जातात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून मागवावा. जुना फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट, बाजूच्या उजेडात, चकाकी टाळून त्याचा फोटो घ्या. हातभर अंतरावरून काढलेली सेल्फी शक्यतो नाकारावी. तिच्यात नाक फुगतं, कान मागे जातात आणि फोटोवर व कॅनव्हासवर सारख्याच संख्येचे चौकोन आखून चौकोनागणिक रेषा उतरवली की ते जसंच्या तसं कॅनव्हासवर उतरतं.

पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. प्रिंटवर ५ मिलिमीटरचे चौकोन आखले तर आडवे ७, उभे ९ पडतात. कॅनव्हासवर चौकोन ५ सेंटिमीटरचा घेण्याचा मोह होतो, कारण हिशोब सोपा. पण मग चित्र दहापट होतं आणि चेहरा ३४ सेंटिमीटरच्या आसपास जातो. खरा चेहरा हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण २२-२३ सेंटिमीटर. बैठकीत असं चित्र लागलं की सिनेमाचं पोस्टर वाटतं. चौकोन ३ सेंटिमीटरचा घ्यावा. चेहरा २० सेंटिमीटरच्या आसपास येतो, खऱ्यापेक्षा किंचित लहान, आणि १८ बाय २४ इंची कॅनव्हासवर खांदे, सदरा, रुमाल यांना जागा उरते.

चित्र दाखवलं की घरचे म्हणतात, ‘डोळे त्यांचे वाटत नाहीत.’ लगेच डोळे खोडायला घेऊ नका. दहातल्या आठ वेळा डोळे बरोबर असतात. चुकलेलं असतं दोन डोळ्यांतलं अंतर, नाहीतर नाकाच्या बुडापासून हनुवटीपर्यंतची लांबी. फोटो आणि चित्र दोन्ही उलटे ठेवून बघा, किंवा चित्र आरशात बघा. चूक चटकन दिसते. दूर उभं राहून डोळे बारीक केले, पापण्या-भुवया दिसेनाशा झाल्या आणि तरी माणूस ओळखू आला, तर साम्य पकडलंय. सुरकुत्या नंतरच्या.

काळ्यापांढऱ्या फोटोवरून कातडीचा रंग ठरवायला मुलाला किंवा भावाला खिडकीत बसवावं. सावळ्या वर्णाला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) हा पाया, उजेडाकडे थोडा टिटॅनियम व्हाइट (पांढरा), सावलीला बर्न्ट सिएनात अल्ट्रामरिन (गडद निळा). सावलीत काळा घातला की चेहरा मळतो, उजेडात नुसता पांढरा वाढवला की राखेसारखा होतो. शेतकऱ्याचं चित्र असेल तर एक गोष्ट फोटोत दिसत नाही, पण घरच्यांना पाठ असते: रुमालाखालचा कपाळाचा पट्टा उजळ, खाली गाल आणि नाक उन्हाने तांबूस-काळे. चित्र उघड्या डोक्याचं मागितलं असेल तर हा फरक दाखवलाच पाहिजे. रात्री पिवळ्या बल्बखाली रंग कालवू नका. त्या उजेडात सगळंच पिवळसर दिसतं, म्हणून हात पिवळा कमी घालतो आणि सकाळी चेहरा निळसर, थंड दिसतो.

पहिला थर नुसत्या टर्पेंटाइनमधला, पातळ. पुढच्या प्रत्येक थरात जवसाचं तेल थोडं थोडं वाढवत जायचं. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा तेलकट थर हलत राहतो आणि वर तडे जातात. तेल चटणीच्या जवसाचंच. पण घाण्यावरचं आणून वापरू नका, त्यातल्या चिकट अंशाने ते उशिरा वाळतं आणि पिवळं पडतं. रंगाच्या दुकानातलं शुद्ध केलेलं घ्या.

कलाशिक्षकाचे जून ते सप्टेंबर एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शालेय चित्रकला परीक्षांच्या तयारीत जातात, त्यामुळे मोठी कामं उन्हाळ्यावर ढकलली जातात. पत्र्याच्या खोलीत, ४२ अंशांत, अ‍ॅक्रिलिक, म्हणजे पाण्यात कालवायचा रंग, पॅलेटवरच मिनिटांत वाळतो. ताटात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग ठेवला तर बराच वेळ मऊ राहतो. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, हे धरूनच कालवावं. तैलरंग चालू असेल तर कूलरचा झोत चित्राकडे नको, गवताचे कण ओल्या रंगात बसतात.

त्या परीक्षांना व्यक्तिचित्र नसतं, तरी लेकरं स्मरणचित्रातल्या बोटभर माणसांनाही पापण्या काढत बसतात आणि वेळ घालवतात. वस्तुचित्रातला तांब्या नीट बसवायला शिकलेला हात डोकंही बसवतो: मधला अक्ष, दोन्ही बाजूंची समान रुंदी, काठाची लंबवर्तुळं. तांब्या कलंडलेला काढणाऱ्याचं डोकंही कलंडतं.

व्हार्निश, म्हणजे चित्रावरचा पारदर्शक संरक्षक थर, सहा महिन्यांनी, आधी नाही. काच मात्र वर्षश्राद्धाआधीच लावावी लागते, कारण चित्राला हार पडतो, कपाळावर गंध टेकवलं जातं, खाली उदबत्ती जळते. फ्रेमवाल्याला काच आणि कॅनव्हासमध्ये निदान पाव इंचाची पट्टी बसवायला सांगा. काच टेकली तर अर्धवट वाळलेला रंग तिला चिकटतो आणि पुढे काच बदलताना नाकाचा शेंडा काचेबरोबर निघून येतो.