बीडला राहायला जाऊ का?

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक टेबल फिरत होतं, देशात कुठे किती कॅन्सर. सगळ्यात वर मिझोरमचं आयझॉल, पुरुषांमध्ये वर्षाला लाखामागे 269.4 नवे पेशंट, आणि सगळ्यात खाली आपलं बीड-उस्मानाबाद, 39.5. झालं, बीडची मावसबहीण लगेच सुरू, आमच्याकडे बाजरीची भाकरी नि ठेचा खातात, तुम्हा इंदूरवाल्यांसारखं सकाळी पोहे-जिलबी नि रात्री बारा वाजता सराफ्यात गरम गरम गराडू असलं काही नसतं, म्हणून बघा. त्यावर काकांनी विचारलं की मग व्हीआरएस घेऊन बीडला राहायला जाऊ का, आणि सगळ्यांनी हसायच्या स्मायल्या टाकल्या.

मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो त्यामुळे असलं टेबल दिसलं की मला गप्प बसवत नाही. पण ग्रुपवर लांब लिहिलं की कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय.

पहिलं म्हणजे आकडे खरे आहेत. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा नॅशनल कॅन्सर रजिस्ट्री प्रोग्राम आहे (रजिस्ट्री म्हणजे एखाद्या भागात कोणाकोणाला कॅन्सर झाला याची नोंदवही), त्यांचा 2020 चा रिपोर्ट, डेटा साधारण 2012 ते 2016 चा. बायकांमध्ये सगळ्यात वर अरुणाचलचा पापुमपारे जिल्हा, 219.8, आणि खाली परत बीड-उस्मानाबाद, 49.4. आयझॉलमध्ये 75 वर्षांपर्यंत दर चार पुरुषांत एकाला कॅन्सर होण्याची शक्यता. एकाच देशात पुरुषांचा दर जवळपास सातपट इकडचा तिकडे, म्हणजे ही काही किरकोळ गोष्ट नाही.

आता ग्रुपवरच्या एकाने लगेच म्हटलं की केरळमध्ये म्हातारे जास्त आणि बिहारमध्ये पोरं जास्त, मग तुलना कशी होणार. होते, कारण हे आकडे वय सारखं धरून काढलेले असतात, सगळीकडची वयाची रचना एकच आहे असं मानून दर काढतात. त्यात अजून एक आकडा असतो जो फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही आणि मला तोच सगळ्यात कामाचा वाटतो, 35 ते 64 वयाचा वेगळा दर, त्याला ट्रंकेटेड रेट म्हणतात. तो काढायचं कारण असं की सत्तरीच्या पुढे आपल्याकडे तपासण्याच होत नाहीत, "वय झालं होतं" म्हणून विषय संपतो, त्यामुळे म्हाताऱ्यांचे आकडे कच्चे असतात, मधल्या वयाचे त्यातल्या त्यात भरवशाचे. आमच्या मध्य प्रदेशात सरकारी नोकरीत रिटायरमेंट 62 ला आहे, महाराष्ट्रात बहुतेकांची 58 ला (यावरून आमच्या घरात दर दिवाळीला वाद होतो, तो सोडा), म्हणजे हा 35-64 चा आकडा जवळजवळ कमावत्या माणसांचाच झाला. हप्ते चालू आहेत, पोरं शिकताहेत अशा माणसांचा.

आणि आपल्याकडे कॅन्सरने मरणारे जास्त करून याच वयातले. 2012 साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात एक मोठा अभ्यास आला होता, त्यात 2010 या वर्षासाठी देशात कॅन्सरचे 5 लाख 56 हजार मृत्यू धरले होते आणि त्यातले 71 टक्के 30 ते 69 या वयातले. पण यावरून "आजकाल तरुणांनाच होतोय" असं जे सगळे म्हणतात ना, तिथे जरा थांबा. आपला देशच तरुण आहे, साठीच्या आतली माणसंच एवढी आहेत की कुठल्याही आजाराचे पेशंट त्यांच्यातलेच जास्त दिसणार. आपल्याकडे ब्रेस्ट कॅन्सर पन्नाशीच्या आसपास दिसतो आणि अमेरिकेत साठीनंतर, त्याचं बरंचसं कारण हेच आहे, पंचेचाळिशीच्या हजार बायका इथल्या आणि हजार तिथल्या घेतल्या तर इथल्यांना जास्त होतो असं नाही.

बरं मग जागेजागेचा फरक कशाने. काही भागांचं कारण अगदी स्पष्ट आहे. ईशान्येकडे तंबाखू प्रचंड, 2016-17 च्या सरकारी सर्व्हेत मिझोरममध्ये 58.7 टक्के मोठी माणसं तंबाखू घेणारी निघाली आणि गोव्यात 9.7. मिझोरममध्ये तर तुइबुर नावाचा प्रकार आहे, तंबाखूचा धूर पाण्यातून काढून ते पाणीच तोंडात धरतात, वर धुरावर वाळवलेलं मांस, म्हणून तिथे पोटाचा आणि फुप्फुसाचा कॅन्सर जास्त. मेघालयात खासी लोक दिवसभर क्वाय खातात, म्हणजे कच्ची ओली सुपारी, पान आणि चुना, तिथे अन्ननलिकेचा. गंगेच्या पट्ट्यात पित्ताशयाचा, दक्षिणेत तो फारच कमी. दिल्ली, बंगलोर, हैदराबाद, चेन्नई अशा मोठ्या शहरात ब्रेस्टचा, कारण पहिलं मूल उशिरा, मुलं कमी, वजन जास्त. म्हणजे "कॅन्सर कुठे जास्त" हा प्रश्नच अर्धवट आहे, कुठला कॅन्सर ते आधी विचारा.

आमच्या इकडचा म्हणाल तर तोंडाचा. त्याला सर्व्हे लागत नाही, कुठल्याही पानाच्या गुमटीवर पाच मिनिटं उभे राहा. त्याच सर्व्हेत मध्य प्रदेशात 34.2 टक्के लोक तंबाखू घेणारे, महाराष्ट्रात 26.6. आणि गंमत बघा, गुटखाबंदी देशात सगळ्यात आधी आमच्याच राज्याने केली, 1 एप्रिल 2012 ला. मग काय झालं, तर पानमसाल्याची पुडी वेगळी आणि जर्द्याची वेगळी, दोन्ही शेजारी शेजारी लटकवलेल्या, आमचा इंदुरी भिया दोन्ही घेतो, फाडतो, एकात एक ओततो, हलवतो, झाला गुटखा. बंदी जिथल्या तिथे कागदावर. आणि जर्दा नाही नुसती सुपारी खातो असं म्हणणाऱ्यांना सांगतो, नुसती सुपारीसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या, कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या यादीत वीस वर्षांपूर्वीच गेलीय, तंबाखूशिवायची. आमच्या गल्लीतला एक मुलगा आहे, तिशी पण नाही अजून, सुपारीने गालफडं आतून अशी आवळलीयत की पाणीपुरी तोंडात जात नाही, फोडून चमच्याने खातो आणि मित्र त्यावरून त्याची मजा घेतात. याला डॉक्टर सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा, जात नसतील तर डेंटिस्ट गाठा, उद्या नाही आज. त्यातले सगळे पुढे कॅन्सरकडे जात नाहीत पण जे चाळिशीत तोंडाचे पेशंट म्हणून येतात त्यातल्या कितीतरी जणांची सुरुवात ही अशी असते.

हे झाले खरे फरक. आता बीड.

बीड-उस्मानाबाद-बार्शीला कॅन्सर कमी आहे यात तथ्य आहे, आणि ते कोणी मोजलं नाही म्हणून कमी असं म्हणणं त्या लोकांवर अन्याय होईल. बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री सुरू झाली. शहरात रजिस्ट्रीवाला हॉस्पिटलांतून नावं गोळा करतो, खेड्यात हॉस्पिटलच नाही तर नावं कुठून आणणार, म्हणून हे लोक गावोगाव फिरले, गावातल्या जाणत्या माणसांना भेटले, लक्षणं समजावली, कोणाला गाठ आहे, कोणाला अंगावर जातंय, विचारत बसले. आणि त्यातून एक गोष्ट अशी झाली की नुसतं विचारल्याने, माहिती दिल्याने, बायका गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आधीच्या स्टेजला यायला लागल्या. मशीन नाही, औषध नाही, फक्त गावात माणूस जातोय. मला हे त्या सगळ्या टेबलापेक्षा मोठं वाटतं.

तरी पण माझ्या मनात एक शंका राहतेच. मुंबईचा दर बीडच्या दुपटीहून जास्त आहे. पण तो लॅन्सेटवाला अभ्यास हॉस्पिटलातून नव्हता, त्यांनी देशभर 11 लाख घरांतून मृत्यूंची माहिती घेतली, घरच्यांना विचारलं काय काय झालं होतं, आणि ते वाचून डॉक्टरांनी कारण ठरवलं. त्यात 30 ते 69 वयात कॅन्सरने मरण्याचा दर खेड्यातल्या पुरुषांत लाखाला 95.6 आणि शहरात 102.4, बायकांत खेड्यात 96.6 आणि शहरात 91.2. म्हणजे जवळजवळ सारखाच! नोंद होताना शहर आणि खेडं यात एवढी दरी आणि मरताना बरोबरी, याचे दोनच अर्थ, एकतर खेड्यात खूप केसेस कळतच नाहीत किंवा कळतात तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं. बहुतेक दोन्ही. आणि त्याच अभ्यासात मोठी दरी गाव-शहर नव्हतीच, शिक्षणाची होती, निरक्षर पुरुषांत 107.6 आणि सगळ्यात शिकलेल्यांत 45.8, बायकांत 106.7 आणि 43.4. नकाशा रंगवत बसणाऱ्यांनी हा आकडा रंगवावा एकदा.

आता काकांचा दुसरा प्रश्न, इंदूरचा आकडा त्या टेबलात का नाही. कारण तो नव्हताच. 2020 च्या रिपोर्टात 28 रजिस्ट्र्या होत्या आणि मध्य प्रदेशातून एकच, भोपाळ, ती पण गॅसकांडानंतर उभी राहिली म्हणून. सगळ्या मिळून देशाची साधारण दहा टक्के लोकसंख्या. आणि रजिस्ट्रीचा नियम असा की माणूस जिथे राहतो तिथला धरायचा, जिथे इलाज घेतो तिथला नाही. आमच्या ओळखीतले निम्मे लोक मुंबईला टाटाला जातात, बाकीचे अहमदाबादला, ते तिथले रहिवासी नाहीत म्हणून तिथल्या दरात नाहीत आणि इथे मोजणारी रजिस्ट्री नव्हती म्हणून इथेही नाहीत. उलट आमच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलच्या बाहेर धार, झाबुआ, खरगोनचे लोक चादरी टाकून बसलेले दिसतात आणि येणारा-जाणारा म्हणतो बापरे इंदूरमध्ये केवढा कॅन्सर वाढला. ओपीडीची गर्दी बघून शहराचा दर सांगता येत नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो आणि घरी कोणी ऐकत नाही.

याला लागूनच अजून एक फॉरवर्ड, "मालवा कॅन्सर बेल्ट". हे वाचून आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी गव्हाची चक्की बदलली! अहो तो मालवा पंजाबातला, भटिंडा-मानसाकडचा, जिथून बिकानेरला जाणाऱ्या गाडीला लोक कॅन्सर ट्रेन म्हणायचे. आपला इंदूरकडचा माळवा वेगळा. आणि त्या पंजाबच्या मालव्याचं पण ऐका, टाटाच्या लोकांनी 2013 पासून तिथे चंदीगड, मोहाली, संगरूर, मानसा असं नीट मोजलं तर एकूण दर चंदीगड-मोहालीकडेच जास्त निघाला, मानसाला कमी. म्हणजे कीटकनाशकं निर्दोष सुटली असं नाही, पण ट्रेन भरलेली होती याचा एक अर्थ हा पण होता की जवळ हॉस्पिटल नव्हतं.

स्वच्छतेत सात-आठ वर्षं पहिला नंबर काढणारं आमचं शहर ओला कचरा किती नि सुका किती हे वॉर्डवार सांगू शकतं, मग पस्तीस ते चौसष्टच्या किती जणांना कुठला कॅन्सर झाला हे मोजायला काय हरकत आहे असं मला वाटतं, पण मी काही नगरसेवक नाही.

एक मात्र राहिलं. ज्या उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, आकडा सगळ्यात कमी म्हणून मिरवतात तिथेच 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला, 2009 ला छापून आला. ज्या गावांत एकदाच, फक्त एकदाच, एचपीव्ही या व्हायरसची टेस्ट केली आणि दोष निघालेल्यांवर उपचार केले तिथे पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास अर्धे झाले. जगभरात दाखला देतात त्याचा. आणि आपल्याकडे 2019-21 च्या सर्व्हेत 30 ते 49 च्या बायकांत ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या किती, तर 1.9 टक्के. ब्रेस्टची 0.9. पुरुषांत तोंडाची 1.2.

आमच्या वहिनीने परवा हे ऐकून विचारलं की पॅप आणि एचपीव्ही एकच का. नाही. पॅपमध्ये पेशी बिघडल्यात का ते मायक्रोस्कोपखाली बघतात, एचपीव्हीच्या टेस्टमध्ये ज्या व्हायरसने त्या बिघडतात तो आहे का ते बघतात. सरकारी आरोग्य केंद्रात बहुतेक ठिकाणी या दोन्हीऐवजी व्हिनेगरसारखं पाणी लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची टेस्ट असते, तिला व्हीआयए म्हणतात, तीस पूर्ण झालेल्या बाईला ती फुकट आहे आणि मुंबईच्या वस्त्यांमध्ये आरोग्यसेविकांकडून तीच करून घेतल्यावर मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले होते, तेव्हा महागडी टेस्ट मिळेपर्यंत थांबायची काही गरज नाही.