गोवा १९६१ : पदवीच्या प्रबंधासाठी कागद कसे वाचावेत

‘गोवामुक्तीवर जगाची प्रतिक्रिया’ हा विषय पदवीच्या प्रबंधाला झेपत नाही. १८ डिसेंबर १९६१ ची सुरक्षा परिषदेतील चर्चा तेवढी घ्या. युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या ठरावाला ७ मते, विरोधात ४ : सोव्हिएत संघ, सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त). सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. लायबेरिया विरोधात का गेला? माझ्या मते एवढा एकच प्रश्न पुरेसा आहे. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा १९६० चा ठराव १५४२ आधी वाचा. गोवा त्यात अस्वशासित प्रदेशांच्या, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः न करणाऱ्या वसाहतींच्या, यादीत आहे. मग बैठकीचे शब्दशः इतिवृत्त.

दिल्लीतला अमेरिकी दूतावास आणि वॉशिंग्टन यांच्यातील तारांत (टेलिग्राममध्ये) घोळ होतो तो वेळेचा. डिसेंबरात दिल्ली वॉशिंग्टनच्या साडेदहा तास पुढे. दिल्लीहून १८ तारखेला सकाळी ८ ला गेलेल्या तारेचे उत्तर वॉशिंग्टनहून १७ च्या रात्री ११ चे असू शकते. सगळ्या वेळा एकाच घड्याळात आणा, मगच क्रम लावा.