बाबांची पंचाहत्तरी आणि स्टेकचे जेवण

बाबांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली, त्या आठवड्यात आमच्या घरी जेवायला कुठे जायचे याचीच चर्चा होती. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात आजवरचा प्रत्येक आनंद सावजी मटण आणि ज्वारीच्या भाकरीने साजरा झालेला आहे; पण पुण्याहून येणाऱ्या भाच्याने आजोबांना स्टेक, म्हणजे मांसाचा जाड भाजलेला तुकडा, खाऊ घालण्याचा हट्ट धरला आणि मांसाच्या बाबतीत मुळातच कुतूहल असल्यामुळे बाबांनीही लगेच होकार दिला. पश्चिम नागपुरातले एक महागडे रेस्टॉरंट ठरले. आम्ही सात जण जाणार होतो, त्यांत आई शाकाहारी आणि बाबांना कवळी. हे जेवण नीट पार पडावे म्हणून काय काय विचारून घ्यावे लागले आणि तरीही काय राहून गेले, ते सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रश्न मांसाचाच होता. परदेशात स्टेक म्हटले की बहुधा गोमांस समजले जाते. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी होतीच. २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल आणि वळू यांनाही ती लागू झाली. म्हशीचे मांस मात्र या बंदीत येत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या मेनूवर ‘टेंडरलॉइन’ (पाठीकडच्या मऊ मांसाचा तुकडा) एवढेच लिहिलेले असेल तर ते बहुतेक म्हशीचे असते. हे घरातल्या सगळ्यांना आधी स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटले, कारण खाण्याच्या बाबतीत कोणाच्याही मनाविरुद्ध, न सांगता काही पानात पडणे हा मी अपराध मानतो. बाबा शांतपणे म्हणाले, “आपल्या घरी म्हशीचं कधी आलं नाही, मला नको. पोराला खायचं असेल तर खाऊ दे नं, त्यात काय!” त्या एका वाक्याने घरातला अवघडलेपणा संपला. भाच्यासाठी टेंडरलॉइन, बाबांसाठी लॅम्ब चॉप्स आणि बाकीच्यांसाठी चिकन व मासे, असे मी टेबल राखून ठेवतानाच फोनवर सांगून ठेवले. आईसाठी मशरूमचा पदार्थ वेगळ्या भांड्यात करण्याची विनंती केली आणि पलीकडून “हो, होईल” असे उत्तर मिळाले.

त्या उत्तरावर मी विसंबून राहिलो, ही माझी चूक झाली. रविवारी संध्याकाळी ऑर्डर देताना वहिनींनी सहज विचारले, तेव्हा वेटरला यातले काहीच ठाऊक नव्हते. तो आत जाऊन आला आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितले, की ग्रिल एकच आहे आणि शाकाहारी पदार्थही त्यावरच भाजले जातात. आईने काही न बोलता मेनू मिटून बाजूला ठेवला. सणाच्या दिवशी आईने उपाशी बसावे, याचे मला फार वाईट वाटले. अखेर मी व्यवस्थापकांना टेबलाशी बोलावून अडचण समजावून सांगितली. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि मशरूम व भाज्या धुतलेल्या वेगळ्या ट्रेमध्ये ओव्हनमध्ये भाजून देण्याची व्यवस्था केली. पदार्थ यायला पाऊण तास लागला, पण आई निःशंक मनाने जेवली. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे, की अशी विनंती फोनवर केली तरी टेबलावर बसल्याबरोबर पुन्हा करावी, कारण फोन घेणारा आणि रांधणारा ही दोन वेगळी माणसे असतात.

दुसरा प्रश्न मांस किती शिजवायचे, हा होता. बाबा गेली चाळीस वर्षे दर रविवारी स्वतः मटण आणतात. चाप, सीना, रान, नळी यांतला फरक ते नुसत्या नजरेने ओळखतात. त्यांचे प्रश्न वेटरच्या आवाक्याबाहेर जाऊ लागले, तेव्हा शेफ स्वतःच बाहेर आले. लॅम्ब म्हणजे बोकड नव्हे, कोवळी मेंढी, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. भाच्याच्या ताटातला गुलाबी रस पाहून बाबांच्या कपाळावर आठी पडली होती. त्यावर शेफ म्हणाले, की ते रक्त नव्हे, रक्त कत्तलीच्या वेळीच निघून जाते. स्नायूंतल्या मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे त्या पाण्याला लाल रंग येतो. मांसाच्या आतले तापमान साधारण ५५ अंश सेल्सिअस असेल तर ते ‘मीडियम रेअर’, ६० च्या पुढे ‘मीडियम’ आणि ७० च्या पुढे ‘वेल डन’. बाबांनी अर्थातच वेल डन सांगितले होते.

चॉप्स आले तेव्हा बाबांनी सुरी हातात घेण्याआधी बोटाने मांस हलकेच दाबून पाहिले. “हा चापच आहे, पाठीचा,” ते म्हणाले, “पण याची हाडं किती साफ केली आहेत!” वरचा थर तपकिरी आणि खमंग होता, कडेची चरबी जराशी करपलेली, आणि लोण्याबरोबर थाईम या सुगंधी पाल्याचा वास येत होता. दोन घास खाल्ल्यावर त्यांनी शेफना पुन्हा बोलावून घेतले. मांस कोरडे झाले आहे आणि कवळीला त्रास होतो आहे, हे त्यांनी तक्रारीच्या सुरात नव्हे, तर एका जाणकाराने दुसऱ्याशी बोलावे तसे सांगितले. शेफनी दुसरे दोन चॉप्स ६५ अंशांपर्यंत शिजवून, पाच मिनिटे झाकून ठेवून, मगच कापून आणले. इतका वेळ झाकून ठेवल्यामुळे आतला रस कापल्याबरोबर ताटात वाहून जात नाही, असे ते म्हणाले. ते चॉप्स बाबांनी हाडापर्यंत संपवले.

बिलाबद्दल थोडेच सांगतो. हॉटेलात नसलेल्या अशा रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी लागतो, तो बरोबर होता. त्यावर १० टक्के सेवा शुल्कही जोडलेले होते. जुलै २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ते ग्राहकाच्या मर्जीवर असते आणि दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या आहेत. मी विनंती केल्यावर ते बिलातून काढले गेले, आणि आईसाठी धावपळ करणाऱ्या वेटरच्या व शेफच्या हाती मी वेगळे पैसे दिले.

पुढच्या रविवारी बाबांनी मटणवाल्याकडून चाप बारीक न तोडता दोन बोटे जाड कापून आणले. लोखंडी तव्यावर ते भाजून झाल्यावर त्यांनी वर ताट झाकले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पाच मिनिटे कोणालाही हात लावू दिला नाही. शेजारी तर्रीची वाटी मात्र होती.