एस्टीमचे जुने इंजिन मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांसाठी बांधताना

मारुती एस्टीमचे १२९८ सीसीचे, सोळा व्हॉल्व्हचे इंजिन निवडण्यामागे माझा हिशेब सरळ होता. एस्टीमचे उत्पादन थांबून बरीच वर्षे झाली असली, तरी याच घराण्यातले इंजिन जिप्सीलाही असल्यामुळे सुटे भाग परवडणाऱ्या किमतीत मिळतात; शिवाय ७४ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५.५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ही जवळपास समसमान मापे वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला सोयीची असतात. कोल्हापूरकराला आणखी एक आधार आहे. उसाचे चरक फिरवण्यासाठी आणि शेतीचे पाणी उपसण्यासाठी ऑइल इंजिने बनवता बनवता इथल्या कारागिरांचा यंत्रकामावर हात बसला, आणि शिरोली व गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांनी ती परंपरा पुढे नेली. म्हणून बाहेरचे महागडे तयार भाग मागवण्याऐवजी साधेच भाग घेऊन ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत काटेकोर करून घ्यायचे, असे मी ठरवले. गाडी केवळ बंद ट्रॅकवर चालवायची होती.

मिनिटाला ६००० फेऱ्यांवर या इंजिनातील पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५.१ मीटर असतो आणि ७५०० फेऱ्यांवर तो १८.९ मीटर होतो. वेग सव्वापट वाढला, तरी पिस्टन आणि त्याला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड यांच्या जडत्वाचा ताण वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे दीडपटीहून अधिक वाढतो. हा ताण सर्वांत घातक ठरतो तो एक्झॉस्ट स्ट्रोकच्या, म्हणजे जळका वायू बाहेर ढकलणाऱ्या फेरीच्या शेवटी, कारण त्या क्षणी पिस्टनला वरून दाबून धरणारा ज्वलनाचा दाब नसतो आणि सगळा ओढा रॉडच्या बोल्टांवर येतो. त्यामुळे माझ्या मते मर्यादित पैशांतला पहिला रुपया इथेच खर्च झाला पाहिजे. कनेक्टिंग रॉड जुनेच ठेवले, पण त्यांची भेगांसाठी चुंबकीय तपासणी आणि शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांच्या माऱ्याने पृष्ठभाग मजबूत करणे) करून घेतले. बोल्ट मात्र नवे घेतले. प्रत्येक बोल्टची लांबी आवळण्यापूर्वी आणि आवळल्यानंतर मायक्रोमीटरने मोजून वहीत लिहिली, कारण टॉर्क पान्यावरचा, म्हणजे आवळण्याचा जोर दाखवणाऱ्या पान्यावरचा आकडा घर्षणानुसार बदलतो, ताणलेली लांबी मात्र खरी स्थिती सांगते.

बोअरचे काम ज्यांच्याकडे केले, ते वयस्कर मिस्त्री या कामात फार मुरलेले आहेत. त्यांनी होनिंगआधी, म्हणजे बोअर आतून बारीक घासण्याआधी, हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) जागी बसणारी जाड बिडाची प्लेट ब्लॉकवर ठेवली आणि हेडचेच बोल्ट हेडच्याच टॉर्कला आवळले. मी कारण विचारल्यावर त्यांनी बोअरचा व्यास मोजणारा बोअर गेज माझ्या हातात दिला. "बघा मालक, बोल्ट आवळला की अॅल्युमिनियमचा ब्लॉक हलतोय. मोकळ्या ब्लॉकात गोल केलेलं बोअर गाडीत गोल ऱ्हात न्हाई." प्लेट नसताना गेजचा काटा जवळजवळ स्थिर होता, प्लेट आवळल्यावर बोल्टांजवळच्या भागात तो स्पष्टपणे सरकला. ती प्लेट त्यांनी स्वतः बनवलेली होती. तिच्यामुळे रिंगा पूर्ण घेराने टेकतात, आणि जास्त फेऱ्यांवर कॉम्प्रेशन टिकण्यासाठी हे फार मोलाचे आहे.

हेडमध्ये सगळा प्रश्न व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा होता. ७५०० फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ६२ पेक्षा जास्त वेळा उघडतो. स्प्रिंग कमजोर असेल तर व्हॉल्व्ह त्याला उघडणाऱ्या कॅमची साथ सोडतो आणि वेळेवर बंद होत नाही. म्हणून स्प्रिंगा नव्या घेतल्या, तरी एकेक टेस्टरवर दाबून पाहिली, कमी दाबाच्या स्प्रिंगांखाली पातळ शिम (चकत्या) घातले आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर वेटोळे एकमेकांना टेकत नाहीत याची खात्री केली. प्रत्येक ज्वलनकक्षाचे आकारमान अॅक्रिलिकचा तुकडा व ब्यूरेट (द्रव मोजण्याची खुणांची नळी) वापरून मोजले. एका सिलिंडरचे विस्थापन ३२४.७ घन सेंटिमीटर असल्याने १०:१ कॉम्प्रेशन गुणोत्तरासाठी, पिस्टन सर्वांत वर असताना, गॅस्केट आणि पिस्टनचा माथा धरून ३६.१ घन सेंटिमीटर जागा उरायला हवी. हा हिशेब झाल्यावरच हेड घासायला दिले.

क्रँकशाफ्ट, फ्लायव्हील आणि क्लच प्रेशर प्लेट एकत्र बॅलन्स केले. वळणावर तेल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढू नये, यासाठी संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, पत्र्याचे आडपडदे वेल्ड करून घेतले. सर्वाधिक खर्च प्रोग्रॅम करता येणाऱ्या, इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटवर झाला, पण फेऱ्यांची मर्यादा आणि इग्निशनची वेळ हातात असल्याशिवाय असे इंजिन चालवणे मला योग्य वाटत नाही.

पहिल्या धावांनंतर तेलाचा फिल्टर कापून घड्या उलगडून पाहिल्या. त्यात धातूचे कण आढळले नाहीत आणि चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन जवळजवळ सारखे आले. मर्यादा सध्या ७००० वर ठेवली आहे. स्प्रिंगा काढून त्यांचा दाब पुन्हा मोजायचा आहे, आणि तो पहिल्या नोंदींशी जुळला तरच ती ७५०० वर नेणार आहे.