लुस्सारीचा चढ आणि १४ सेकंद

फिलाखहून रेल्वेत बसलं की ऑस्ट्रिया कधी संपलं ते कळत नाही. उतरलो तार्व्हिझिओला, म्हणजे इटलीत. स्लोव्हेनियाची हद्दही जवळच. सायकल भाड्याने घ्यायचा मोह आवरला. खोपोलीहून शिंग्रोबाचा चढ काढतानाच माझी जीभ बाहेर येते, आणि मोंते लुस्सारीच्या ७.३ किलोमीटरला सरासरी १२ टक्के चढ आहे! त्यामुळे पायथ्याच्या काम्पोरोस्सोहून मुकाट्याने रोपवेच्या गोंडोल्यात बसलो. उतरताना मात्र २०२३ च्या जिरो द'इटालियाचा, म्हणजे इटलीच्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचाच रस्ता धरायचा, हे ठरलेलं.

माथ्यावर, सुमारे १७९० मीटरवर, चर्च आहे आणि त्याला बिलगून मोजकी घरं. कथा अशी की १३६० साली एका मेंढपाळाला झुडपात मेरीची मूर्ती सापडली. त्याने ती खाली गावात नेऊन दिली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा डोंगरावर हजर! तिला इथेच राहायचं होतं, मग देऊळ इथेच बांधावं लागलं. इटालियन, स्लोव्हेनियन, जर्मन बोलणारे असे तिन्हीकडचे भाविक इथे येतात.

२७ मे २०२३ ला आले ते सायकलवेडे, आणि त्यात स्लोव्हेनियन मंडळी तर लोंढ्याने. जिरो द'इटालियाचा विसावा टप्पा, एकेकट्याने घड्याळाविरुद्ध १८.६ किलोमीटर. एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची गुलाबी जर्सी वेल्सच्या गेरंट थॉमसकडे, वय ३७. स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच २६ सेकंदांनी मागे. या रोग्लिचने २०२० च्या टूर द फ्रान्समध्ये अशाच शेवटून दुसऱ्या दिवशी, अशाच चढावर ५७ सेकंदांची आघाडी घालवली होती. म्हणजे जखम जुनी, फक्त या खेपेला पाठलाग करणारा तो होता.

वरचा रस्ता सौम्य वाटला, समोर मोंताझिओ डोंगराचे कडे बघत रमतगमत चाललो. पुढे मात्र जंगलात अरुंद काँक्रीटचा रस्ता असा काही कोसळतो की गुडघे बोलायला लागले. चढणाऱ्याला हे पाच किलोमीटर आधी लागतात, १५ टक्क्यांच्या घरातले. टीमच्या गाड्या इथे येऊच शकत नव्हत्या, मागून मोटरसायकलवर सुटी सायकल यायची.

याच भागात रोग्लिचची चेन पडली. तो उतरला, हाताने चेन चढवली, पण एवढ्या चढावर पुन्हा सुरुवात करणार कशी? गर्दीतला एकजण धावत आला आणि ढकलू लागला. तो होता मित्या मेझ्नार! रोग्लिच मूळचा स्की-जंपर, आणि २००७ च्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या संघात मेझ्नार त्याच्यासोबत होता. एवढ्या गर्दीत नेमका तोच तिथे असावा, हे कादंबरीत वाचलं असतं तर मी पुस्तक मिटलं असतं.

वेळ गेलाच. तरी रोग्लिचने ४४ मिनिटं २३ सेकंदांत माथा गाठून थॉमसला ४० सेकंदांनी मागे टाकलं. तीन आठवड्यांच्या शर्यतीचा फरक उरला १४ सेकंद, रोग्लिचच्या बाजूने. चेनचा किस्सा सगळे सांगतात, पण ती उतरूनही एवढं अंतर पडलं, म्हणजे त्या दिवशी पाय त्याचेच भारी होते. हा उतार पायी उतरल्यावर तर मला शंकाच उरली नाही.

तरीही माझं मन थॉमसकडेच झुकतं. दुसऱ्या दिवशी रोममध्ये, शेवटच्या किलोमीटरांत तो पुढे आला आणि जुना मित्र मार्क कॅव्हेंडिशला शेवटच्या झेपेसाठी पुढे राहून वेग लावून दिला. कॅव्हेंडिश दुसऱ्याच संघाचा होता. टप्पा त्यानेच जिंकला.