तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रॉइंग पाठवलं की झालं ना, मग दर शनिवारी तांबट आळीत काय करता?

हा प्रश्न मला क्लायंट विचारतात, इंटर्नशिपला आलेली मुलं विचारतात आणि सगळ्यात जास्त माझी आई विचारते. मी दिवे डिझाइन करते, तांब्याचे, डायनिंग टेबलवर लटकवतात ना तसले. ते बनतात पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत, पेशवाईत कोकणातून आलेले तांबट जिथे वसले तिथे. ज्या काकांकडे मी काम करून घेते त्यांच्या घरात पूर्वी बंब आणि घंगाळी ठोकायचे, मग घरोघरी गीझर आले आणि बंबाचं काय झालं ते तुम्हाला माहितीच आहे.

तर, ड्रॉइंग पाठवून भागलं असतं तर मीही घरीच बसले असते की. पहिल्या वेळी तेच केलं होतं. तोंडाचा व्यास 320 मिलिमीटर, टॉलरन्स (म्हणजे चालेल तेवढा फरक) अर्धा मिलिमीटर, बाहेरून मठारकाम (हातोडीने ठोकलेले ठिपके), अशी छान पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली आणि वेळ वाचवायचा म्हणून शेडच्या तोंडाशी बसवायच्या फ्रॉस्टेड ॲक्रिलिकच्या 6 चकत्या दुसरीकडून आधीच लेझरने कापून घेतल्या. शेड आल्या तर एक 324, एक 327, एक त्याच्याही पुढे. चकत्या सरळ आरपार खाली. मी तणतणत गेले, काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, ठोकल्यावर तांबं पसरणारच. पोळी लाटल्यावर गोळ्याएवढीच राहते का?" त्या चकत्यांतल्या दोन अजून माझ्या बाल्कनीत कुंड्यांखाली आहेत.

मठारकाम म्हणजे लोकांना नक्षी वाटते. ते गोल गोल ठिपके, चकचकीत, दिसतात सुंदर, पण खरं काम वेगळंच असतं. 22 गेजचा पत्रा म्हणजे साधारण 0.7 मिलिमीटर, आणि आकार देताना तो सारखा तापवून मऊ केलेला असतो, त्यामुळे नुसता आकार दिलेली शेड अंगठ्याने जोरात दाबली तरी पोचा येतो. मग ती आतून लोखंडी दांड्यावर टेकवून बाहेरून ठोका, शेड जराशी फिरवायची, परत ठोका, एकाला एक लागून, ओळ सुटू न देता. प्रत्येक ठोक्याने तांबं तेवढ्यापुरतं कडक होत जातं. शेवटी तीच शेड हातात घेतली की वाजते सुद्धा वेगळी. म्हणून कोणी म्हणालं ना की "ते ठिपके काढा, प्लेन द्या, स्वस्त पडेल", तर मी हसते फक्त, कारण प्लेन द्यायची तर पत्रा जाड घ्यावा लागतो आणि त्यावर प्रत्येक ओरखडा दिसतो, म्हणजे महागच पडते.

चकत्यांचा नाद सोडला आणि मग खालचं अर्धं तोंड आरशासारखं चंदेरी असलेला बल्ब लावायचा ठरवलं, म्हणजे डोळ्यांवर थेट येत नाही, सगळा उजेड आधी वर शेडवर आपटून मग खाली येतो. कागदावर एकदम हुशार आयडिया. सॅम्पल तयार झालं, काकांनी ट्यूबलाइट बंद केली, शटर अर्धं ओढलं आणि दिवा नेमका त्यांच्या जेवणाच्या उघड्या डब्यावर धरला. काका दोन मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, "मेथी काळी दिसतीय हो." खरंच काळी दिसत होती. तांबं निळा-हिरवा उजेड खातं आणि लाल-पिवळा परत देतं, म्हणून तर ते तसं दिसतं, आणि हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही असेल. पण डायनिंग टेबलच्या दिव्याखाली भाजी कशी दिसेल हा विचार डब्यावर दिवा धरेपर्यंत माझ्या डोक्यात आला नव्हता. वर भाकरीवर सगळे ठिपके ठिपके, कारण बाहेरून खड्डा तो आतून फुगवटा आणि प्रत्येक फुगवटा म्हणजे एक छोटा आरसा.

मी म्हणाले आतून पांढरं पावडर कोटिंग करू, भोसरीला पाठवू. काका म्हणाले, "कल्हई करून बघायची का?"

मला इतकं साधं कसं सुचलं नाही याचं अजून वाईट वाटतं. आजीकडची पातेली आतून चांदीसारखीच दिसायची की. कल्हईवाले आजोबा आले, शेड तापवली, नवसागर टाकला, पांढरा धूर, नाकात झणका, कथलाची कांडी टेकवली आणि कापसाचा बोळा एकदा गोल फिरवला तशी लाल तांब्यावर चंदेरी कड पुढे पुढे सरकत गेली. कथील 232 अंशांनाच वितळतं त्यामुळे भट्टी फार लागत नाही, पण बाहेरची बाजू आगीने काळी होते, ती परत साफ करून पॉलिश करावी लागते, तुमची डिलिव्हरी दोन दिवस लांबते ती यामुळे. पण उजेड मऊ पडला, ठिपके जवळजवळ गेले आणि मेथी हिरवी.

भांडण एकाच गोष्टीवरून झालं, भोकांवरून. एलईडीला गरम झालेलं चालत नाही, त्याचं सर्किट बुडाशी असतं आणि शेडमधली गरम हवा वर तिथेच कोंडते, म्हणून मला मानेशी बारीक भोकं हवी होती. काका ऐकेचनात. आयुष्यभर पाणी भरून भांडं गळत नाही ना हे तपासणारा माणूस, त्याला मी सांगतेय भोकं पाडा. "आमच्या आळीत भोक पाडायला कोणी येत नाही, बुजवायला येतात." शेवटी एक शेड बिनभोकाची आणि एक भोकाची अशा दोन तास चालू ठेवल्या आणि त्यांना हात लावून बघायला सांगितलं.

वायरिंग मी तपकीर गल्लीतून सामान आणून स्वतः करून घेते, तीन तारांची, अर्थिंगसकट, धातूच्या दिव्याला तिथे काटकसर नको.

परवा काकांचा फोन आला. नवीन पितळी दिव्याच्या ड्रॉइंगमध्ये भोकं दाखवलीच नाहीयेत, विसरलात का. विसरले होते.