बाळंतिणीला कसला श्रावण

ठमी आज माझ्यावर फिसकारली. कान मागे गेले, तोंड उघडलं, वरचे दोन सुळे दिसले. पंजा मारला नाही, पण मी हात आणखी पुढे केला असता तर मारला असता.

मांजर फिसकारतं, त्यात काय एवढं, असं माझा मुलगा निखिल म्हणाला. बरोबर आहे त्याचं. पण मध्यरात्र उलटून गेलीये आणि मी ओट्यापाशी स्टूल ओढून हे लिहितेय. झोपायला गेले की ते तोंड पुन्हा दिसतं. जिन्याखालून उचलून आणली तेव्हा ही ओंजळीत मावत होती. डोळे चिकटलेले, अंगावर पिसवा. हिच्या औषधांच्या वेळा मी गजर लावून सांभाळल्या. आणि ती माझ्यावर फिसकारली. सासूबाईंवर नाही.

हे शेवटचं जास्त लागलंय. लिहायला बसलेच आहे तर खरं तेच लिहावं.

खोका मी आधीच तयार ठेवला होता. टीव्हीचा मोठा खोका, एका बाजूने दार कापलेलं, खाली चार बोटं उंबरठा ठेवलेला, म्हणजे पिल्लं गडगडत बाहेर यायला नकोत. आतल्या खोलीत कपाटाच्या मागे अंधार असतो, तिथे ठेवला. पंखा एकवर. पाणी आणि खाणं जवळ, मातीचा ट्रे लांब. डॉक्टरांनी फोटो पाहून उत्तम म्हटलं होतं. ठमी तिथेच व्याली, पहाटे. मी बाजूला बसले होते आणि तेव्हा तिला माझं काही वाटलं नव्हतं. उलट कळ आली की माझ्या पायाला पाठ लावून ताणत होती. पहिलं पिल्लू आलं, तिने पिशवी फाडली, तोंड चाटून मोकळं केलं, नाळ दाढेखाली धरून तोडली, वार खाल्ली. कुणी शिकवलं हिला? चौथी आली ती अगदी एवढीशी, ठमीसारखीच तिरंगी. तिरंगी म्हणजे जवळजवळ नक्की मुलगीच, म्हणून आम्ही तिला लगेच धाकटी म्हणायला लागलो. बाकीच्यांना अजून नावं नाहीत.

त्या पहाटे मला वाटलं होतं की हिने मला आपलं मानलंय.

मग गणपतींच्या आगमनाच्या मिरवणुका सुरू झाल्या. लालबागच्या पट्ट्यात श्रावणातले हे शनिवार-रविवार कसे जातात ते सांगायला नको. खाली ढोल, वर खिडकीच्या काचा थरथरतायत, मध्येच तुतारी. आणि पलीकडच्या प्लॉटवर पायलिंग, ते तर रोजचंच. ठमी कावरीबावरी झाली. आत जायची, बाहेर यायची, पिल्लांना पोटाशी घ्यायची, दोन मिनिटांत उठून पुन्हा दाराशी. माणसाला ऐकू येतात त्याहून कितीतरी वरच्या पट्टीतले आवाज मांजराला ऐकू येतात. तिला काय काय ऐकू आलं असेल ते तिलाच ठाऊक. पिल्लं मात्र शांत झोपलेली. त्यांचे कान अजून बंद आहेत, डोळेही. तो सगळा ढोल एकट्या ठमीने ऐकला.

आणि तिने पिल्लं हलवली. एकेकाचं मानगूट धरायचं, पिल्लू लगेच पाय पोटाशी घेऊन लोंबतं, अजिबात हलत नाही. आधी वॉशिंग मशीनच्या मागे. मग कपाटाच्या खालच्या कप्प्यात, निखिलच्या जीन्सवर. तिथून आणखी कुठे. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात, ते आमच्या एवढ्याशा जागेत बघायला मिळालं. शेवटी थांबली ती सासूबाईंच्या खाटेखाली, ट्रंक आणि भिंत यांच्या मधल्या फटीत. तिथे त्यांचं एक जुनं लुगडं आहे, ट्रंकेखाली घातलेलं, कधीपासूनचं कोण जाणे. माझ्या खोक्यात मऊ सुती चादर होती. तिने लुगडं निवडलं.

सासूबाई ठमीला इतकी वर्षं देवघरापासून हाकलत आल्यात. निरांजनाच्या तुपात केस निघाला म्हणून एकदा दोन दिवस बोलल्या नव्हत्या माझ्याशी. त्यांच्या खाटेखाली!

आता आजचं. धाकटीचं वजन. नुकतं जन्मलेलं पिल्लू साधारण शंभर ग्रॅम भरतं, ही ८८ भरली होती. रोज दहाएक ग्रॅम वाढायला हवेत. वाढतही होती, ९६ पर्यंत आली. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी ९६ च. आज सकाळी ९४. इवल्या जिवाचे दोन ग्रॅम म्हणजे काय ते तो स्वयंपाकघरातला वजनकाटा समोर असल्याशिवाय कळत नाही. त्या वयात त्यांना स्वतःची ऊबही राखता येत नाही. आईच्या पोटाशी नसलं की अंग गार पडतं, आणि गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नसतं, आधी ऊब द्यायची, नाहीतर दूध पचत नाही. शी-शूसुद्धा आईने चाटल्याशिवाय होत नाही. सगळं तिच्यावर. आणि तीच जर अशी बिथरलेली असेल तर? फार घाबरलेली मांजरी पिल्लांना जवळ घ्यायचं सोडते. त्याच्याही पुढचं जे असतं ते मी वाचलंय आणि इथे लिहिणार नाही.

सकाळभर वाट पाहिली. ती खाटेखालून बाहेरच येईना, खाण्याला तोंड लावीना. धाकटीला काट्यावर घेणं भाग होतं. म्हणून मी पालथी पडून हात आत घातला आणि तिला उचललं. तेव्हा ठमी फिसकारली. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा हात घालीन, त्याबद्दल मला काही वाटत नाही. वाटतंय ते वेगळंच. मी उठून बसले आणि पाहते तर ठमी खाटेच्या कडेला आलेली, आणि सासूबाईंच्या लोंबत्या पायाच्या टाचेला गाल घासतेय. त्या पोथी वाचत होत्या. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. पान उलटलं.

मला तिथून उठवेना. काय केलं त्यांनी हिच्यासाठी? खरंच, काय?

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी नीट समजावून सांगितलं. मांजराच्या पिल्लांसाठीचं पावडरचं दूध घरात आणून ठेवायचं, गाईचं अजिबात नाही. पाजायची वेळ आलीच तर पिल्लाला पालथं धरूनच पाजायचं, आपण बाळाला घेतो तसं उताणं धरलं तर दूध श्वासनळीत जातं. ठमी धापा टाकायला लागली, थरथरली, पाय ताठ टाकायला लागली तर कॅल्शियम उतरलंय असं समजून त्याच क्षणी घेऊन यायचं, सकाळची वाट पाहायची नाही. वजन रोज करायचं, शक्यतो ती खायला उठेल तेव्हा. आणि म्हणाले, तिच्याकडे बघत बसू नका, पाठ करून बसा. मांजराला टक लावून पाहिलेलं सोसत नाही. तुमची काळजी तिला कळत नाहीये, तुमचे डोळे तेवढे दिसतायत.

हे बोलणं दुपारभर डोक्यात राहिलं. माझी काळजी तिला कळत नाहीये. मग कुणासाठी केली मी ती?

जेवताना मी सासूबाईंना म्हटलं, आई, ती तुमच्यापाशी कशी येते हो? मला जवळ करत नाहीये. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, ओली बाळंतीण आहे ती. तिच्याकडे कशाला बघायचं सारखं? पडू दे तिला."

घास हातातच राहिला माझ्या.

निखिलच्या वेळी ह्याच घरात, ह्याच खाटेवर होते मी. माहेरी जायचं होतं, ते का झालं नाही ते जाऊ दे. रोज कुणी ना कुणी बाळ बघायला. आण गं त्याला इकडे, आत्या आल्यात. आण गं, खालच्या मजल्यावरच्या आल्यात. बाहेरच्या खोलीत तो ह्या हातातून त्या हातात, मी आत. रडण्याचा आवाज आला की इकडे पान्हा फुटून ब्लाऊज भिजायचा, आणि परत माझ्याकडे यायचा तो रडून रडून झोपलेला. मला कुणावर फिसकारता आलं नाही. तेव्हा बाहेरून हाका कोण मारत होतं, ते मला आठवतंय. त्यांना आठवत असेल का, माहीत नाही. पडू दे तिला, म्हणे.

असो.

ठमीला दोष देणार नाही मी. दिवसभर देत होते मनातल्या मनात, ते खरं. पण तिच्या पोटाकडे आज नीट पाहिलं, आणि मग नाही देववला. ते कधी पाहिलं तेही लिहिते.

संध्याकाळी सासूबाईंनी हाक मारून सांगितलं, "कोळणीकडून मांदेली आण थोडी. तिच्यात काही जीव राहिला नाहीये." मला ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. आमच्याकडे श्रावणात कांदा-लसूणसुद्धा ओट्यावर येत नाही, मासळी तर पिशवीतूनही उंबऱ्याच्या आत येत नाही. मी म्हटलं, आई, श्रावण आहे. तर म्हणाल्या, "बाळंतिणीला कसला श्रावण?" आणि पुन्हा पोथी डोळ्यांसमोर धरली.

मांदेली आणली. वेगळ्या भांड्यात नुसत्या पाण्यात उकडली, मीठ-हळद काही नाही, आणि बसून काटे काढले. मांदेलीचे काटे केसासारखे असतात, वेळ लागतो. वास खाटेखालपर्यंत गेला असावा. ठमी आली. दारात थांबली, कान गॅलरीकडे वळवून ऐकलं, मग भिंतीच्या कडेकडेने माझ्या पायापाशी. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले, मागे वळले नाही. बशी नुसती पायाने सरकवली. आणि ती खायला लागली, मान खाली घालून, थांबून श्वास घेत, पुन्हा. कितीतरी वेळाने मी डोळ्याच्या कोपऱ्यातून खाली पाहिलं. कुशीच्या बरगड्या मोजता येतील इतकी उतरलीये. पोटाखाली आचळांच्या भोवतालचे केस पार गेलेत, कातडी गुलाबी झालीये आणि तिच्यावर बारीक बारीक लाल ओरखडे आहेत. पिल्लं लुचताना पंजांनी पोट दाबत असतात, आणि एवढ्या लहान वयात त्यांना नखं आत घेता येत नाहीत. अखंड ओरबाडून घेतेय बिचारी, आणि वर ढोल, आणि वर माझा हात.

ती खात होती तेवढ्यात निखिलने खाटेखाली जाऊन वजनं केली. आतून ओरडला, धाकटी ९७! मी ओट्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिले जरा वेळ. एका दिवसाच्या आकड्याने हुरळून जायचं नसतं, माहीत आहे. उद्या पुन्हा बघायचं. पण सकाळपेक्षा तीन ग्रॅम जास्त आहेत, ते मी वहीत लिहून टाकले.

ठमीने बशी चाटून पुसून काढली, माझ्याकडे न बघता निघून गेली. मला खाटेखालची जागा हवी होती, मिळाली ओट्याखालची. ठीक आहे. मासे आणायचे, काटे काढायचे, पाठ करून उभं राहायचं. खाटेखालचं आजी आणि नातू बघतील. तिला दुप्पट-तिप्पट खाणं लागणार आहे ह्या दिवसांत, म्हणजे काम काही कमी नाही. आणि ती येते. तिथे फिसकारते, पण इथे येते. हे मी संध्याकाळपासून स्वतःला सांगतेय आणि दर वेळी थोडं जास्त पटतंय. पूर्ण पटलं असतं तर आता झोपले असते.

गॅलरीच्या कठड्यावर तो मोठा पिवळा बोका पुन्हा येऊन बसायला लागलाय. बोके दुसऱ्याची पिल्लं मारतात, म्हणून गॅलरीचं दार बंदच ठेवायचं, कितीही उकडलं तरी. शिवाय अंगावर पाजत असतानाही मांजरी पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं दूध तोडून खायला लागली की, दोनेक महिन्यांनी, हिचं ऑपरेशन करून घेणार. परळच्या बैलघोड्याला, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात, विचारून ठेवते. तो चालवणारी संस्था १८७४ ची. आमच्या सासऱ्यांच्या लहानपणी ह्या भागातल्या गाड्यांचे बैल तिथे न्यायचे म्हणे. सासूबाईंना ऑपरेशनचं सांगितलं तर म्हणाल्या, आधी तिचं दूध सुटू दे, मग काय ते कर. घाई मीही करणार नव्हते. पण हे त्यांनी म्हणावं.

कधीतरी विचारेन त्यांना, निखिलच्या वेळचं. भांडायला नाही. नुसतं, आठवतंय का, एवढंच. उद्या नको. उद्या रविवार, आणखी एक आगमन आहे. मंडळाच्या पोरांना सकाळीच गाठून सांगायचंय की आमच्या खिडकीखाली ढोल थांबवू नका, पुढे नाक्यावर जाऊन काय वाजवायचं ते वाजवा. दोघं तिघं निखिलच्याच वर्गातले आहेत, ऐकतील. आणि खाटेच्या बाजूच्या खिडकीला गोधडी टांगायचीये. सासूबाईंनी त्यांची दिलीये.